पाय आधी कोणाचा

५ जानेवारी १९९७, रविवार

जिल्हा पंच परीक्षेचा निकाल लागला. मी पास आहे. सतरा जणांत चौथा. निरंजनभाई आमच्या जिल्हा बास्केटबॉल संघटनेत पंचांच्या नेमणुका करतात. त्यांनी हात मिळवला आणि म्हणाले, "भटु, हवे एक नोटबुक राख. शुं जोयुं, शुं वगाड्युं, बधुं लख." काय पाहिले, कशाला शिटी वाजवली ते सगळे लिहायला म्हणून ही वही आणली. मॅच झाली की त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीला जाण्याआधी लिहायचे असे ठरवले आहे.

माझे शिक्षण नववी नापास. नियमांचे इंग्रजी पुस्तक मला वाचता येत नाही, हिंदी भाषांतर उतरवून घेतले आहे. गेली चार वर्षे मी टेबलावर बसून गुणपत्रक लिहीत होतो, अक्षर चांगले म्हणून. आता कोर्टात उतरायचे.

मला सगळ्यात अवघड वाटते ती चेंडूचे टप्पे घेत येणारा आणि त्याला अडवणारा यांची धडक. दोघेही पडतात आणि दोघेही पंचाकडे बघतात. अडवणारा आधीच दोन्ही पाय टेकून, समोर तोंड करून उभा असेल आणि धडक त्याच्या छातीवर बसली, तर चूक चेंडूवाल्याची. त्याला चार्जिंग म्हणतात. मूठ तळहातावर आपटून दाखवायचे. पण चेंडूवाल्याचे डोके आणि खांदे पुढे निघून गेले आणि मग अडवणारा बाजूने घुसला, तर चूक अडवणाऱ्याची. ते ब्लॉकिंग. दोन्ही हात कमरेवर ठेवून दाखवायचे. नियम एवढाच आहे. घडते मात्र पापणी लवते तेवढ्या वेळात.

८ जानेवारी, बुधवार

बारा तास पाळी. टेबलाच्या काचेखालच्या ट्यूबलाइटने डोळे चुरचुरतात. भेस्तानच्या या मिलमध्ये मी कापड तपासायला आहे. लूमवरून आलेला कापडाचा ताका काचेवरून ओढायचा आणि तुटलेला धागा, तेलाचा डाग, जाळे जिथे दिसेल तिथे खडूची खूण करायची.

आमच्या खात्यात एक रीत आहे. कुठे लिहिलेली नाही. ताका आपल्या गावच्या माणसाच्या कारखान्यातून आला असेल तर तो काचेवरून दोनदा काढायचा. एकदा सगळ्यांसारखा आणि एकदा आपला म्हणून. नाहीतर सुपरवायझर म्हणतो, खानदेशवाले एकमेकांचे झाकतात. दुसऱ्यांदा काढला की काहीतरी सापडतेच. आज आमच्या गावाकडच्या सुकलाल जिभाऊंच्या ताक्यात पहिल्या वेळी काही नव्हते, दुसऱ्या वेळी दोन खुणा झाल्या. जिभाऊ ताका खांद्यावर घेत म्हणाले, "भटू, तुन्हापेक्षा परका बरा रे भाऊ." थट्टेने म्हणाले. मीही हसलो.

१२ जानेवारी, रविवार

खुल्या स्पर्धेची पहिली साखळी मॅच. कानबाई मित्र मंडळ विरुद्ध कडोदऱ्याचा संघ. कानबाई मंडळ म्हणजे आमच्याच वस्तीतली मुले. सगळी लूमवर काम करणारी.

मी निरंजनभाईंना आधीच सांगितले होते की ही माझी ओळखीची मुले आहेत. त्यांच्यातल्या योगेंद्रच्या घरीच मी जेवतो. माझे आई-वडील साक्रीकडे गावी असतात, तेव्हा गेली सहा वर्षे दोन्ही वेळचे जेवण योगेंद्रच्या आईकडे, धुरपदाबाईंकडे. मी त्यांना मावशी म्हणतो. निरंजनभाई म्हणाले, "एटले ज तने मूक्यो छे. तुम्हारे लोग का पब्लिक आता है, हल्ला-गुल्ला करता है. तू होगा तो चुप बैठेगा." म्हणूनच मला नेमले याचा मला अभिमान वाटला हे लिहून ठेवतो.

योगेंद्र चेंडू घेऊन आत घुसतो. तो त्याचा खेळ आहे. उंची कमी, पण खांदा असा खाली टाकतो की अडवणाऱ्याला कळायच्या आत तो बास्केटखाली असतो. आज त्याचे पाच फाउल झाले, म्हणजे तो बाहेर. त्यातले चार माझ्या शिटीचे. तीन चार्जिंग. पहिले दोन स्पष्ट होते. तिसऱ्याला अडवणाऱ्याचा हात योगेंद्रच्या कमरेवर होता. पण तो हात सुरुवातीपासूनच होता, धडकेच्या वेळी नवीन आला नव्हता, म्हणून मी तो धरला नाही.

कानबाई मंडळ तरीही जिंकले. त्यांचा कॅप्टन लोटू, ताडासारखा उंच. मला ओलांडून जाताना म्हणाला, "भटू सर, पुढना टाइमले हात खिसामा ठेईसन खेळूत का?" मी गुणपत्रक घ्यायला टेबलाकडे वळलो. पंचाने खेळाडूशी थट्टा करू नये.

१३ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी जेवायला गेलो. योगेंद्र आधीच बसला होता. मावशींनी भाकरी वाढली आणि दोघांकडे बघितले.

"भांडनात का रे तुम्ही?"

"नाही मावशी."

"मग तोंड काबरं शिवेल शे दोन्हीसनं?"

योगेंद्र हसला आणि म्हणाला, "माय, त्यानी शिटी गयामा अडकेल शे." मावशींनी खरेच पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मग आम्ही तिघेही हसलो. बरे वाटले.

१५ जानेवारी, बुधवार

काल उत्तरायण, पतंगांचा सण. आज कोर्टाच्या दोन्ही बोर्डांवर मांजा अडकलेला. शिडी लावून मीच काढला. बोट कापले. शिटी उजव्या हातात धरतो, कापले डावे, त्यामुळे अडचण नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज दोन मॅच.

सकाळची शहरातल्या दोन संघांची. दोन्ही संघ ओळखीचे नाहीत. चार धडका झाल्या, दोन चार्जिंग आणि दोन ब्लॉकिंग दिले. एकदाही अडखळलो नाही. पाय दिसतो, खांदा दिसतो, हात आपोआप उठतो. इतके सोपे असू शकते हे मला माहीत नव्हते.

दुपारी कानबाई मंडळ. योगेंद्रचे चार फाउल, सगळे माझे. हाफटाइमला माझ्याबरोबरचे दुसरे पंच (वयाने मोठे आहेत, शाळेत पी.टी. शिकवतात) पाणी पिता पिता म्हणाले, "सात नंबर पर जरा ज्यादा नहीं हो रहा?" सात नंबर म्हणजे योगेंद्र. मी म्हणालो, तोच जास्त आत घुसतो म्हणून त्याचे जास्त होतात. ते म्हणाले, "हां, वो भी है," आणि बाटलीचे झाकण लावले.

खेळ संपल्यावर निरंजनभाईंनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. "जुओ, पोताना माणसने पण छोडतो नथी. आने कहेवाय रेफरी." आपल्या माणसालाही सोडत नाही तो खरा पंच, असे त्यांचे म्हणणे. राज्य पंच परीक्षा मार्चमध्ये वडोदऱ्याला आहे. तिला बसायला संघटनेचे शिफारसपत्र लागते. ते म्हणाले, पत्राची काळजी करू नकोस.

मी खूप थकलो आहे. मॅचमुळे की पाळीमुळे ते कळत नाही. शहरातल्या मॅचनंतर थकवा नव्हता.

२२ जानेवारी, बुधवार

मोठी बातमी. सचिन गावातल्या एका मिलचे क्रीडा अधिकारी रविवारी सेमीफायनल बघायला येणार आहेत. त्यांना मिलच्या संघासाठी एक खेळाडू पाहिजे, चेंडू घेऊन आत जाणारा. नोकरी कायम, आठ तासांची, संध्याकाळी सराव. त्यांनी योगेंद्रचे नाव आधीच ऐकले आहे असे लोटू सांगत होता.

मावशींनी आज खिचडीवर तुपाची धार सोडली, कारण काही नसताना. योगेंद्रच्या छातीत लूमवरची रुई बसते, रोज पहाटे तो खोकतो, भिंतीपलीकडे माझ्या खोलीत मला ऐकू येते. मावशी म्हणाल्या, "बारा घंटाना आठ घंटा व्हयनात तं मन्हा पोऱ्या उन्हामा बसी सकाळले." त्यांना बास्केटबॉलमधले काही समजत नाही. मला विचारले, "भटू, तू तठेच राहशी ना रे? मग काय चिंता नही."

मी हो म्हणालो. पंच म्हणून तिथे असणार, एवढ्याच अर्थाने म्हणालो. पण त्यांनी तो अर्थ घेतला नाही हे मला दिसत होते. आता रविवारी जास्तच काळजीपूर्वक बघावे लागेल.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, दुपारी सेमीफायनल. कानबाई मंडळ विरुद्ध शहरातला जुना जिमखाना.

जसे घडले तसे लिहितो. पांढरी टोपी घातलेले क्रीडा अधिकारी टेबलाच्या मागे खुर्चीवर. कुंपणावर आमची सगळी वस्ती. मध्येच माझ्या नावाने आरोळी आली, "भटूभाऊ, आपला शे, ध्यान ठेव!" जिमखान्याच्या बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले.

शेवटचे दीड मिनिट. जिमखाना एका गुणाने पुढे. योगेंद्रचे चार फाउल. तो डाव्या बाजूने निघाला. समोर त्यांचा पाच नंबर, आणि पलीकडे कोर्टाची रेघ. फट कमी होती. योगेंद्रने खांदा टाकला. धडक. दोघेही पडले. मी शिटी वाजवली आणि मूठ तळहातावर आपटली. चार्जिंग. पाचवा फाउल, योगेंद्र बाहेर.

कुंपणावर सगळे उभे राहिले. मग आरडाओरडा झाला.

दुसरे पंच त्या धडकेच्या माझ्यापेक्षा जवळ होते. त्यांचे दोन्ही हात कमरेकडे निघाले होते. माझी मूठ बघून त्यांनी पँट वर ओढल्यासारखे केले.

कानबाई मंडळ तीन गुणांनी हरले. अधिकारी उठताना लोटूला म्हणाले, "पाच फाउल का लडका साहब को कैसे दिखाऊं? अगले संडे तीसरे नंबर की मॅच है ना, तब फिर देखता हूं. मुझे अंदर घुसने वाला चाहिए, बस." म्हणजे अजून एक संधी आहे. सगळे संपलेले नाही.

जेवायला गेलो नाही. सरळ खोलीवर येऊन हे लिहिले.

२७ जानेवारी, सोमवार

पाच नंबरचा डावा पाय. सकाळपासून तोच दिसतो.

टेबलावर ताका होता आणि मी खडू धरून नुसता उभा. सुपरवायझरने विचारले, झोप लागली का?

पाय रेघेजवळ होता. पण टेकलेला होता का? मला असे वाटते की योगेंद्रचा खांदा पुढे गेल्यावर तो पाय सरकला. सरकताना बुटाचा आवाज आला, सिमेंटवर येतो तसा. आवाज मी ऐकला. शिटी त्या आवाजानंतर वाजली. म्हणजे मला वेळ होता.

आणि एक गोष्ट. कुठे लिहायची नव्हती, पण वही खरी ठेवायची तर लिहायला हवी. माझी मूठ धडकेच्या आधी वळलेली होती. योगेंद्र डावीकडे निघाला तेव्हाच वळली.

ते ब्लॉकिंग होते.

२८ जानेवारी, मंगळवार

वहीतल्या सगळ्या मॅच पुन्हा वाचल्या. कानबाई मंडळ सोडून इतरांना मी चार्जिंग आणि ब्लॉकिंग जवळजवळ सारखे दिले आहे. कानबाई मंडळाच्या चेंडूवाल्यांवर चार्जिंग अकरा. त्यांना अडवणाऱ्यांवर ब्लॉकिंग एक.

मला वाटते, त्यांची अडवणाऱ्याच्या अंगावर जाण्याची सवय आहे. शिकवणारा कोणी नाही त्यांना. हेही एक कारण असेल. पण एक म्हणजे फारच कमी.

कोणाच्या बाजूने काही केले असे मला एकदाही वाटले नाही. उलट त्यांच्या वेळी मी दुप्पट लक्ष देऊन बघत होतो.

३० जानेवारी, गुरुवार

पाळी सुटल्यावर सायकलने संघटनेच्या ऑफिसात गेलो. ठरवून गेलो होतो. म्हणायचे होते, रविवारचा निर्णय चुकला, आणि पुढच्या मॅचला मला नेमू नका. पहिले वाक्य रस्त्यात चार वेळा मनात म्हटले.

निरंजनभाई चहा पीत होते. मी दारातच होतो तर म्हणाले, "आव आव, तारी ज वात चालती हती." आणि ड्रॉवरमधून पाकीट काढले. शिफारसपत्र. गुजरातीत टाइप केलेले, शिक्का मारलेले. त्यातली एक ओळ त्यांनी मोठ्याने वाचली: हा पंच स्वतःच्या समाजाच्या संघाबाबतही निष्ठुर आणि निष्पक्ष आहे. बाजूला दोन पंच बसले होते, त्यांनी माना डोलावल्या.

मी म्हणालो, रविवारी दुसरे कोणी असते तर...

"केम? डर लागे छे? गाळो आपे छे तारा माणसो?"

भीती नाही, शिव्याही कोणी देत नाही म्हणालो.

"तो पछी. तू ज बराबर छे."

मी पत्र घेतले. चहाही घेतला. येताना चढावर सायकल हातात धरून चाललो.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज जेवायला गेलो. मावशींनी ताट वाढले. भाकरी पहिल्यासारखीच गरम होती. योगेंद्र ओट्यावर बुटाचा तळ चिकटवत बसला होता. बूट गुडघ्यात दाबून धरलेला. जेवून मी त्याच्याजवळ बसलो.

मी म्हणालो, "तो ब्लॉकिंग होता."

"माले ठाऊक शे."

"मग तू काही बोलला का नाहीस? वाद घालायचा होता."

"कोनसंगे? तुन्हासंगे?" त्याने बूट वर करून बघितला, पुन्हा दाबला. "भटू, पहिली मॅचमा माले वाटनं, नवा शे, घाबरस. दुसरीमा वाटनं, मन्हीच चूक व्हई. मी घर ईसन भिंतीसमोर पाय टाकी टाकी देखं. आते माले कळनं. तू मन्हा पाय देखतच नही. तू त्या लोके देखतस."

मी विचारले, कोणते लोक? त्याने बुटाचा तळ अंगठ्याने दाबला. मग म्हणाला, "एक सांगू? रविवारले तू येऊ नको. ताप येल शे सांग. बस, एवढंच."

मी त्याला समजावले. आयत्या वेळी पंच बदलला तर लोक म्हणतील, आपल्या माणसासाठी सरकला. त्याचे नाव खराब होईल, माझेही. आणि आता मला चूक कळली आहे, तर माझ्यापेक्षा बरोबर कोण बघणार? मी म्हणालो, "या वेळी फक्त पाय बघेन. शब्द देतो. तू बिनधास्त घुस."

पत्राविषयी बोललो नाही. त्याचा इथे संबंध नव्हता.

योगेंद्रने बूट खाली ठेवला आणि आत गेला. आतून मावशी विचारत होत्या, "काय म्हने तो?" तो म्हणाला, "काही नही माय. झोप."

१ फेब्रुवारी, शनिवार

पाळीत मिळेल त्या वेळी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत होतो. टेकलेला पाय आणि टेकणारा पाय यांत टाचेवरून फरक कळतो. टाच वर असेल तर माणूस अजून येतो आहे. हे पुस्तकात नाही. मला सापडले. उद्या चूक होणार नाही याची मला खात्री आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

तिसऱ्या क्रमांकाची मॅच. कानबाई मंडळ विरुद्ध कडोदरा. पहिल्या मॅचचाच संघ. अधिकारी वेळेवर आले, टेबलाच्या मागे तीच खुर्ची, मांडीवर डायरी.

मी पाय बघितले. चाळीस मिनिटे पाय बघितले. असे मी कधीच बघू शकलो नव्हतो. कुंपणावरून कोण काय ओरडले ते मला सांगता येणार नाही, कारण ते कानात शिरलेच नाही. कडोदऱ्याच्या नऊ नंबरची टाच प्रत्येक वेळी वर असायची. तो उशिरा पोहोचणारा होता. योगेंद्रसारख्याला असा अडवणारा मिळाला तर फाउलच फाउल, आणि सगळे त्याच्या बाजूचे.

योगेंद्र चेंडू मधल्या रेघेपर्यंत आणायचा. मग थोडा पुढे. नऊ नंबर समोर आला की थांबायचा, चेंडू दोन्ही हातांत धरायचा आणि लोटूकडे द्यायचा. मला वाटले, दमलेला आहे, शनिवारची पाळी करून आला आहे. नंतर वाटले, संघाने तसे ठरवले असेल.

हाफटाइमला पाच मिनिटे असताना एकदा संपूर्ण रस्ता मोकळा झाला. नऊ नंबर घसरला होता, त्याची टाच हवेत, बास्केटपर्यंत मध्ये कोणी नाही. नऊ नंबर बाजूने धडकणार हे मला आधीच दिसले. माझे हात कमरेकडे निघाले सुद्धा. लोटू ओरडला, "घूस! घूस ना रे!" योगेंद्रने खांदा टाकला. मग त्याने माझ्याकडे बघितले. रागाने नाही. रस्ता ओलांडताना माणूस गाडी येते का बघतो, तसे. आणि खांदा परत उचलला. चेंडू मागे दिला.

अधिकाऱ्यांनी डायरी मिटली. हाफटाइमला त्यांची खुर्ची रिकामी होती. मला वाटले पाणी प्यायला गेले असतील.

दुसऱ्या हाफमध्येही तसेच. लोटूने लांबून टाकलेले चेंडू पडत गेले आणि कानबाई मंडळ चार गुणांनी जिंकले. मुलांनी कप डोक्यावर घेऊन कुंपणाला फेरी मारली. योगेंद्र त्यांच्यात नव्हता. बूट पिशवीत घालून तो पाळीला निघून गेला असे लोटूने सांगितले. मी विचारले, अधिकारी काही बोलले का? लोटू टॉवेलने तोंड पुसत होता. आज त्याने सर म्हटले नाही, थट्टाही केली नाही. "त्यासले घुसनारा पाह्यजे व्हता," म्हणाला, आणि कपाकडे गेला.

निरंजनभाई खूश होते. "जोयुं? एक पण झगडो नहीं. सुधरी गया तारा छोकरा."

नेहमीप्रमाणे टेबलावरून गुणपत्रक घेऊन नोंद उतरवली. माझ्या शिट्या एकूण नऊ. धडकेची एकही नाही. कानबाई मंडळ, क्रमांक सात, योगेंद्र. त्याने केलेले फाउल, शून्य. त्याच्यावर झालेले फाउल, शून्य.